लाइटनिंग वॉलेट सोपे, खात्रीचे आणि खासगी राहावे यासाठी

बिटकॉइनच्या मूळ साखळीवर सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो आणि त्यातील मोजक्या जागेसाठी व्यवहारांची चढाओढ चालते. २० एप्रिल २०२४ रोजी चौथे हाल्विंग (प्रत्येक ब्लॉकमागे मिळणारे नवे बिटकॉइन निम्मे होण्याचा टप्पा) झाले, त्या दिवशी एका व्यवहारामागचे सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या पुढे गेले होते. लहान रकमांची देवघेव अशा साखळीवर परवडत नाही. त्यासाठी जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी साखळीबाहेर रकमा फिरवणाऱ्या लाइटनिंग जाळ्याचा आराखडा मांडला. त्याची आज वाचली जाणारी आवृत्ती जानेवारी २०१६ ची आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सेगविट हा बिटकॉइनच्या नियमांतील बदल लागू झाल्यावर असे जाळे निर्धोकपणे उभारण्याचा मार्ग मोकळा झाला आणि आता मोबाइलमधील वॉलेटवरून काही सेकंदांत पैसे पोहोचतात.

तरीही नव्याने वॉलेट घेतलेल्यांची तक्रार बहुधा एकच असते: पैसे पाठवता येतात, पण दुसऱ्याने पाठवलेले पैसे मिळत नाहीत. ही तक्रार खरी आहे आणि तिच्यामागे जाळ्याची रचनाच आहे. पाठवणाऱ्याला फक्त शिल्लक लागते. स्वीकारणाऱ्याला मात्र चॅनलमध्ये मोकळी जागा लागते, त्या क्षणी फोन जाळ्याशी जोडलेला असावा लागतो आणि वर स्वतःची ओळखही थोडीफार उघड करावी लागते. म्हणून वॉलेटची निवड आणि मांडणी करताना आपल्याला पैसे कसे मिळतील हा प्रश्न आधी सोडवावा, असे माझे ठाम मत आहे. तो सुटला की सोपेपणा, खात्री आणि खासगीपणा या तिन्हींमधल्या बहुतेक अडचणी दूर होतात.

चॅनल समजून घ्यावे

चॅनल म्हणजे दोन पक्षांनी मिळून साखळीवर बांधून ठेवलेली रक्कम. ती हलवायला दोघांच्या सह्या लागतात. जुन्या पाटीच्या चौकटीत तारेवर ओवलेले मणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकतात, पण त्यांची एकूण संख्या तीच राहते; चॅनलमधली रक्कमही तशीच सरकते. आपल्या बाजूचे मणी म्हणजे आपण पाठवू शकतो ती रक्कम आणि समोरच्या बाजूचे मणी म्हणजे आपल्याला मिळू शकते ती रक्कम. स्वतःच २,००,००० सातोशी घालून चॅनल उघडले तर सुरुवातीला सगळी रक्कम आपल्याच बाजूला असते, आणि त्यामुळे त्या चॅनलमधून एक सातोशीही स्वीकारता येत नाही. (एका बिटकॉइनमध्ये दहा कोटी सातोशी असतात, लाइटनिंगवर सगळा हिशेब सातोशीतच चालतो.) स्वीकारायची जागा हवी असेल तर एकतर आधी काही खर्च करावे लागते किंवा समोरच्या पक्षाने त्याच्या बाजूने रक्कम घालावी लागते. ही रक्कम पुरवण्याचे काम लाइटनिंग सेवा पुरवठादार करतात आणि त्याचे शुल्क घेतात. नवख्या माणसाला ‘पैसे मिळाले, पण त्यातून काही कापले गेले’ असे दिसते, ते बहुधा हेच शुल्क असते.

कोणते वॉलेट घ्यावे

काही वॉलेटमध्ये पैसे सेवा देणाऱ्या कंपनीच्या ताब्यात असतात. एल साल्वादोरमधील एल झोंते या किनाऱ्यावरील गावासाठी सुरू झालेले आणि पुढे ब्लिंक या नावाने ओळखले जाऊ लागलेले वॉलेट या प्रकारातले आहे. अशा वॉलेटमध्ये चॅनल, जागा, फोन जोडलेला असणे यांतले काहीच पाहावे लागत नाही, म्हणून ते सर्वांत सोपे असते. पण प्रत्येक व्यवहार कंपनीला दिसतो आणि कंपनीने खाते गोठवले किंवा एखाद्या देशातून काढता पाय घेतला तर आपल्या हाती काही उरत नाही. खिशात फिरवतो तेवढीच रक्कम येथे ठेवावी.

काही वॉलेटमध्ये शिल्लक प्रत्यक्षात लाइटनिंगवर नसतेच. अ‍ॅक्वा हे वॉलेट शिल्लक लिक्विड या वेगळ्या जाळ्यावर ठेवते आणि लाइटनिंगवर पैसे देता-घेताना अदलाबदल करते. हे चालवायला सोपे आहे, परंतु लिक्विड हे संस्थांच्या एका गटाने चालवलेले जाळे आहे, हे ध्यानात घेऊनच ते वापरावे.

आपली किल्ली (पैसे हलवण्यासाठी सही करणारा गुप्त अंक) आपल्याच फोनमध्ये आणि चॅनल मात्र एका पुरवठादाराशी, अशी मधली वाट पॅरिसच्या अ‍ॅसिंक कंपनीच्या फिनिक्स वॉलेटने घेतली आहे. जुलै २०२३ पासून त्यात स्प्लायसिंग आले. म्हणजे अनेक लहान चॅनल उघडण्याऐवजी एकच चॅनल गरजेप्रमाणे मोठे किंवा लहान करता येते. स्वतः वॉलेट सांभाळू इच्छिणाऱ्या पण नोड (जाळ्यात थेट सहभागी होणारा संगणक किंवा प्रोग्रॅम) चालवण्याची तयारी नसलेल्या वाचकाने येथून सुरुवात करावी, असे मी सुचवतो. ज्यांना खासगीपणा अधिक मोलाचा वाटतो त्यांच्यासाठी झ्यूस किंवा ब्लिक्स्ट ही वॉलेट आहेत. त्यांत लाइटनिंगचा पूर्ण नोड फोनवरच चालतो आणि पैशांचा मार्गही फोनच शोधतो. मात्र वॉलेट उघडल्यावर जाळ्याची माहिती ताजी होईपर्यंत थांबण्याची तयारी हवी. घरी स्वतंत्र यंत्रावर नोड चालवणे हा आणखी पुढचा टप्पा झाला. रोज बऱ्याच रकमा येत-जात नसतील तर त्या भानगडीत पडू नये.

पुढील कृती फिनिक्स डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे, पण तिचा गाभा इतर वॉलेटनाही लागू पडतो.

बारा शब्द आणि त्यांची चाचणी

अ‍ॅप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे आणि बनवणाऱ्याचे नाव नीट तपासावे. वॉलेट तयार झाले की सेटिंगमध्ये जाऊन पुनर्प्राप्तीचे बारा शब्द पाहावेत आणि कागदावर क्रमाने उतरवून घ्यावेत. हे शब्द २,०४८ इंग्रजी शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. मराठीसाठी किंवा हिंदीसाठी तशी प्रमाण यादी नाही. येथे मराठी वापरकर्त्याने एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: शब्द रोमन लिपीत, स्पेलिंगसह लिहावेत. देवनागरीत ‘राइट’ असे लिहून ठेवले तर तो उजव्या बाजूचा ‘राइट’ की लिहिण्याचा ‘राइट’, हे नंतर कळत नाही, कारण दोन्ही शब्द यादीत आहेत. ‘पीस’चेही तसेच, शांतता आणि तुकडा हे दोन्ही अर्थ देणारे शब्द यादीत आहेत. प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, म्हणून निदान ती चार अक्षरे सुवाच्य हवीत. शब्दांचा स्क्रीनशॉट घेऊ नये, स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नयेत आणि फोटो काढून ठेवू नये, कारण असे फोटो आपोआप क्लाउडवर चढतात.

कागद कपाटात ठेवण्यापूर्वी त्याची चाचणी घ्यावी, आणि तीही वॉलेटमध्ये अगदी थोडी रक्कम असताना. अ‍ॅप काढून टाकावे, पुन्हा घ्यावे, कागदावरचे शब्द भरावेत आणि शिल्लक परत दिसते का ते पाहावे. ही चाचणी बहुतेक जण टाळतात. मोठी रक्कम आल्यानंतर ती करण्याचे धाडस होत नाही, म्हणून ती पहिल्याच दिवशी उरकावी.

शब्दांनी काय परत मिळते हे मात्र वॉलेटगणिक बदलते. फिनिक्स चॅनलची ताजी स्थिती कूटबद्ध करून पुरवठादाराच्या नोडकडे ठेवते, त्यामुळे बारा शब्द पुरतात. फोनवर नोड चालवणाऱ्या अनेक वॉलेटमध्ये मात्र शब्दांनी केवळ साखळीवरची शिल्लक परत येते. चॅनलमधल्या रकमेसाठी वेगळी बॅकअप फाइल लागते. ती फाइल समोरच्या नोडला चॅनल बंद करण्याची विनंती करण्यापुरती असते आणि पैसे काही काळाने साखळीवर परत मिळतात. नवे चॅनल उघडले की ही फाइल पुन्हा जपून ठेवावी. वॉलेटच्या संपूर्ण डेटाची जुनी प्रत मात्र कधीही परत भरू नये. त्या प्रतीतील चॅनलची स्थिती कालबाह्य असते, ती साखळीवर गेली तर समोरचा नोड तिला फसवणूक समजतो, आणि चॅनलमधील सगळी रक्कम दंड म्हणून त्याच्याकडे जाऊ शकते.

पहिली रक्कम

पहिले चॅनल उघडायला किंवा वाढवायला साखळीवर व्यवहार करावा लागतो, आणि त्याचे शुल्क रकमेवर नव्हे तर व्यवहाराच्या आकारावर ठरते. दर एका बाइटमागे किती सातोशी असा सांगितला जातो. चालू दर मेमपूल डॉट स्पेस या संकेतस्थळावर दिसतो. सुमारे १५० बाइटचा व्यवहार दर २ असताना ३०० सातोशींत होतो, दर १०० असताना त्यालाच १५,००० सातोशी लागतात. २०,००० सातोशींचे चॅनल अशा दिवशी बंद करावे लागले तर हाती फारच थोडे उरेल. म्हणून दर उतरलेला असताना आणि चार-पाच वेळा थोडे थोडे न घालता एकदाच पुरेशी रक्कम घालावी. काही महिन्यांचा खर्च भागेल आणि ती बुडाली तरी आपला संसार अडणार नाही, अशी रक्कम पुरेशी समजावी.

फिनिक्समध्ये चॅनल व्यवस्थापनासाठी आपण जास्तीत जास्त किती शुल्क देऊ, ही मर्यादा ठरवता येते. दर त्याहून वर गेला तर येणारी रक्कम चॅनलमध्ये आपोआप घेतली जात नाही. ही मर्यादा फार कमी ठेवली की पैसे नाकारले जातात आणि फार जास्त ठेवली की महाग दिवशी खिसा रिकामा होतो. सुरुवातीला ती जशी आहे तशी ठेवावी. महिन्याला साधारण किती पैसे येणार हे ठाऊक असेल तर स्वीकारण्याची जागा शुल्क देऊन आधीच मागून घ्यावी. ऐन वेळी दर भडकल्याने पैसे अडकण्याची धास्ती त्यामुळे राहत नाही.

पैसे स्वीकारताना

लाइटनिंगचे पैसे ईमेलसारखे पडून राहत नाहीत. ते येतात तेव्हा आपल्या वॉलेटने प्रतिसाद द्यावा लागतो, आणि फोनवरच्या वॉलेटला तो प्रतिसाद देण्यासाठी पार्श्वभूमीत जागे होता आले पाहिजे. अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची सोय नेमकी हीच वाट बंद करते. सेटिंगमध्ये वॉलेटच्या पानावर जाऊन बॅटरीवरील बंधन काढावे, सूचनांना परवानगी द्यावी आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये आपोआप सुरू होण्याची वेगळी परवानगी असते तीही चालू करावी. आयफोनमध्ये सूचना बंद असतील तर अ‍ॅप जागेच होत नाही. एवढे झाल्यावर फोन कुलूपबंद करून बाजूला ठेवावा, तासाभराने एखाद्या मित्राला थोडे सातोशी पाठवायला सांगावेत आणि ते पोहोचतात का ते पाहावे. तरीही महत्त्वाची रक्कम येणार असेल तेव्हा अ‍ॅप उघडे ठेवणेच उत्तम.

नेहमीचे इनव्हॉइस (पैसे मागण्यासाठी वॉलेट तयार करते तो कोड) हे एका वेळेपुरते असते आणि वेगळी मुदत दिली नसेल तर ते एका तासात बाद होते. ते मजकूर म्हणून पाहिले तर सुरुवात एल, एन, बी, सी या चार अक्षरांनी होते आणि त्यापुढे रक्कम असते. तेथे ‘१०० यू’ असे दिसले तर त्याचा अर्थ बिटकॉइनच्या दशलक्षाव्या भागाची शंभर पट, म्हणजे १०,००० सातोशी. त्यापुढच्या लांबलचक अक्षरमालिकेत काय असते हे ठाऊक असणे खासगीपणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे: आपल्या नोडची ओळख, आपण लिहिलेले वर्णन आणि चॅनल जाहीर नसेल तर आपल्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेची खूण. हे सगळे कोणालाही उलगडून वाचता येते. म्हणून वर्णनात रुग्णाचे नाव, पत्ता, आजार, कामाचा तपशील असे काही लिहू नये. ‘बिल १२’ एवढे पुरे. इनव्हॉइस सार्वजनिक गटात टाकू नये.

वारंवार पैसे घ्यायचे असतील तर बोल्ट १२ प्रकारची ‘ऑफर’ वापरावी. हा प्रकार २०२४ मध्ये लाइटनिंगच्या प्रमाण नियमांत दाखल झाला. ऑफरचा क्यूआर कोड एकदा छापला की पुन्हा पुन्हा चालतो, त्याला मुदतीची अडचण नाही आणि त्यात आपल्यापर्यंतच्या वाटेचा शेवटचा भाग झाकता येतो, त्यामुळे पैसे देणाऱ्याला आपल्या नोडची ओळख कळत नाही. पाठवणाऱ्याचे वॉलेट ऑफर ओळखत नसेल तेव्हाच जुन्या इनव्हॉइसकडे वळावे. ईमेलसारखा दिसणारा लाइटनिंग पत्ता सांगायला सोपा असतो, पण तो चालवणाऱ्या सर्व्हरला कोणाच्या नावावर केव्हा किती रकमेचे इनव्हॉइस मागितले गेले ते दिसते. देणग्यांसाठी तो ठीक आहे. मोबदल्यासाठी मी तो सुचवणार नाही.

पैसे पाठवताना

येथे सांगण्यासारखे थोडेच आहे. कोड स्कॅन करावा, रक्कम व वर्णन वाचावे आणि पाठवावे. फिनिक्स ०.४ टक्के अधिक ४ सातोशी घेते, म्हणजे १०,००० सातोशींवर ४४. व्यवहार फसला तर रक्कम आपल्याकडेच राहते. मधल्या चॅनलमध्ये कोणाच्या बाजूला किती रक्कम आहे हे जाहीर नसते, त्यामुळे वॉलेट एकेक मार्ग चाचपडत जाते आणि काही वेळा रक्कम तुकड्यांत पाठवते. मोठी रक्कम जात नसेल तर ती दोन इनव्हॉइसमध्ये विभागून मागावी.

काळजी घ्यायची ती व्यवहार लटकलेला असताना. तो ना पूर्ण, ना फसलेला, अशा स्थितीत असेल तर दुकानदाराकडून नवे इनव्हॉइस घेऊन पुन्हा पैसे देऊ नयेत; पहिला व्यवहार मागाहून पूर्ण झाला तर दुप्पट पैसे जातात. त्या स्थितीत अ‍ॅप काढून टाकू नये किंवा फोनही बदलू नये. व्यवहार पूर्ण झाल्यावर वॉलेटमध्ये जो गुप्त क्रमांक दिसतो तो पैसे दिल्याचा पुरावा आहे. वाद झाला तर इनव्हॉइससह तोच दाखवावा.

आणखी एक सवय लावून घ्यावी. समोरच्या पक्षाने चॅनलची जुनी स्थिती साखळीवर टाकली तर तिला आव्हान देण्यासाठी ठरावीक मुदत असते आणि त्या मुदतीत आपले वॉलेट साखळी पाहू शकले पाहिजे. महिनोन्‌महिने अ‍ॅप न उघडणे म्हणजे ही राखण सोडून देणे होय. फिनिक्समध्ये आठवड्यातून एकदा उघडण्याने भागते.

कोणाला काय दिसते

लाइटनिंगवर पैसे कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांत गुंडाळलेल्या संदेशासह जातात आणि मधल्या प्रत्येक नोडला आपल्या आधीचा व नंतरचा एवढेच कळते. पाठवणाऱ्याला हे संरक्षण चांगले मिळते, परंतु ते सर्वांपासून नसते. फिनिक्समध्ये मार्ग शोधण्याचे काम पुरवठादाराचा नोड करतो, म्हणून साध्या इनव्हॉइसवर पैसे देताना ते कोणाकडे आणि किती चालले आहेत हे त्याला कळते. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी मार्ग फोनवरच शोधणारे वॉलेट घ्यावे आणि त्याचा संथपणा सोसावा. दोन्ही गोष्टी एकत्र मिळतील असा दावा करणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

एकाच नोडची ओळख असलेली दोन इनव्हॉइस दोन ग्राहकांनी शेजारी ठेवली तर ती एकाच माणसाची आहेत हे त्यांना कळते; ऑफर वापरण्याचे मुख्य कारण हेच. कंपनीच्या ताब्यातील वॉलेटमध्ये मात्र ग्राहकाला फक्त कंपनीचा नोड दिसतो, आपण त्या गर्दीत मिसळून जातो, पण कंपनीला सगळे दिसते. कोणापासून काय झाकायचे आहे हे आधी ठरवले नाही तर निवड चुकते. ग्राहकापासून की पुरवठादारापासून, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असेल.

चॅनल साखळीवर उघडते आणि साखळी सर्वांना खुली असते. ओळखपत्रे घेणाऱ्या एक्स्चेंजमधून रक्कम थेट वॉलेटमध्ये आणली तर त्या एक्स्चेंजला ती रक्कम पुढे चॅनलमध्ये गेल्याचे अनुमान करता येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण ज्या चॅनलवर कामाचे पैसे घेता त्याच चॅनलमध्ये बचतीचे बिटकॉइन आणून ओतू नयेत. दोन वेगळी वॉलेट ठेवावीत. आपला इंटरनेट पत्ता पुरवठादाराला दिसू नये असे वाटत असेल तर ऑर्बोट या अ‍ॅपद्वारे वॉलेटची वाहतूक टॉर जाळ्यातून न्यावी. यामुळे वेग मंदावतो आणि येणारे पैसे कधीकधी वेळेत स्वीकारले जात नाहीत, म्हणून नेहमी टॉरवर राहण्यापूर्वी वर सांगितलेली कुलूपबंद फोनची चाचणी पुन्हा करावी.

फोन बदलताना

जुन्या फोनवर कोणताही व्यवहार लटकलेला नाही हे पाहावे, अ‍ॅप पूर्ण बंद करावे, नव्या फोनवर शब्द भरावेत, शिल्लक दिसल्यावर जुन्या फोनवरील अ‍ॅप काढून टाकावे. एकच वॉलेट दोन फोनवर एकाच वेळी चालवू नये. चॅनलच्या स्थितीचा गोंधळ होऊन ते सक्तीने बंद होऊ शकते. अ‍ॅप बनवणारे काम थांबवतील ही शक्यताही गृहीत धरावी. म्यूटिनी हे चांगले नाव कमावलेले वॉलेट २०२४ अखेर बंद झाले. अशी सूचना आली की मुदतीची वाट न पाहता, शुल्क उतरलेले असताना शिल्लक दुसरीकडे हलवावी.

नोंदी

भारतातील वाचकांनी खासगीपणा आणि कर यांची गल्लत करू नये. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर आहे, एकीतला तोटा दुसरीच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपलीकडे १ टक्का उद्गम करकपातही (टीडीएस) आहे. सातोशी देऊन वस्तू घेणे हेही हस्तांतरणच आहे. परदेशातील ग्राहकाकडून लाइटनिंगवर मोबदला घेण्यापूर्वी चार्टर्ड अकाउंटंटला विचारावे, कारण तेथे परकीय चलनाचे नियमही येतात.

म्हणून प्रत्येक व्यवहाराची तारीख, सातोशी, त्या वेळचा रुपयांतील भाव आणि कारण लिहून ठेवावे. फिनिक्ससह अनेक वॉलेटमधून व्यवहारांची यादी फाइल म्हणून काढता येते. ती दर तिमाहीला काढावी. ही फाइल म्हणजे आपल्या सगळ्या देवघेवीचा उघडा हिशेब असतो, त्यामुळे ती डाउनलोड फोल्डरमध्ये पडू देऊ नये. पासवर्डने कुलूपबंद करून संगणकावर ठेवावी, फोनवरची प्रत पुसावी आणि अकाउंटंटला पाठवताना वर्णनाचा रकाना काढून पाठवावी.